गाठीच्या आत पोचतंय का?

स्क्रीनवर हा जो करडा ठिपका दिसतोय ना, ती कॅन्सरची गाठ आहे, पण कुणाच्या अंगातली नाही, लॅबमध्ये वाढवलेली, जेमतेम अर्धा मिलीमीटर. प्लेटच्या खळग्यांना असं कोटिंग असतं की पेशींना तळाला चिकटताच येत नाही, मग त्या एकमेकींनाच धरून बसतात आणि काही दिवसांत गोळा तयार. याला म्हणतात स्फेरॉइड.

एवढा खटाटोप कशाला? कारण सपाट डिशमध्ये पेशींचा एकच थर असतो, औषध ओतलं की सगळ्यांना मिळतं, पेशी मरतात, ग्राफ झकास येतो. खऱ्या गाठीत तसं नसतं हो. रक्तवाहिनीपासून 100-200 मायक्रॉनच्या (0.1-0.2 मिलीमीटरच्या) पलीकडे ऑक्सिजन फारसा जात नाही, म्हणून आतल्या पेशी उपाशी, वाढ थांबलेल्या, आणि बरीचशी केमो मारते ती भराभर वाढणाऱ्या पेशींना. स्फेरॉइड मोठा झाला की हेच सगळं त्याच्यातही होतं, मधोमध तर मेलेल्या पेशींचा गाभाच.

आता नॅनोपार्टिकल, म्हणजे औषध वाहून नेणारे अतिसूक्ष्म कण. डॉक्सिल या कॅन्सरच्या औषधाला अमेरिकेत 1995 मध्येच परवानगी मिळाली, साधारण 100 नॅनोमीटरच्या लिपिडच्या (स्निग्ध पदार्थाच्या) पिशवीत भरलेलं डॉक्सोरुबिसिन हे जुनं केमोचं औषध. डॉक्सोरुबिसिनमुळे हार्टला होणारा त्रास कमी झाला, हे मोठंच काम. पण गाठीत किती पोचतं? 2016 मध्ये दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा हिशोब मांडला गेला, तर दिलेल्या डोसपैकी गाठीत पोचलेल्या असल्या कणांचा मधला आकडा (मीडियन) निघाला फक्त 0.7 टक्के! बाकीच्यातलं बरंचसं लिव्हर आणि प्लीहा गिळतात.

डॉक्सोरुबिसिन लेसरखाली स्वतःच लाल चमकतं, वेगळा डाय नको. हा बघा स्फेरॉइडचा पातळ काप (अख्खा गोळा बघून फसायला होतं, प्रकाशच आतवर जात नाही). कडेला लालभडक कडं, आत काळोख, म्हणजे औषध दारातच अडकलंय. मग साइज कमी करा, कोटिंग बदला, परत बघा. टोकियोच्या टीमने 2011 मध्ये उंदरांमध्ये दाखवलं की स्वादुपिंडाच्या घट्ट गाठीत 30 नॅनोमीटरचेच कण नीट शिरले आणि कामाला आले, त्याहून मोठे बाहेरच राहिले.

फायब्रोब्लास्ट, म्हणजे ऊतींना आधार देणारं जाळं विणणाऱ्या पेशी, मिसळले की लॅबमधली गाठ अजून घट्ट होते, आणि डिशमधले बरेच हिरो इथेच गळतात. गळू देत, पेशंटपर्यंत जाऊन गळण्यापेक्षा बरं.

डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेने नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती कायद्यातून काढली. पण म्हणून उंदीर लगेच बाद होत नाहीत, कारण स्फेरॉइडला लिव्हर नाही, आणि कण हरवतात ते तर तिथेच.