ट्रंकेतले वेताळ

(दृश्य: घरापुढचं खळं. सुपांत आणि चटईवर वाळत घातलेली सोलं. शेजारी ताडपत्री, तिच्यावर उघडी पुस्तकं.)

मे महिना संपत आला की सिंधुदुर्गातल्या खळ्यात पाऊल ठेवायला जागा नसते. सोलं, आंब्याची साटं, पापड, वर्षभराच्या मिरच्या. पाऊस येण्याआधी जे जे कोरडं व्हायला हवं ते सगळं उन्हात येतं. यंदा आमच्या खळ्यात या सगळ्याच्या शेजारी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेतली पुस्तकंही आहेत. काकी सोलं परतायला बाहेर येते, ताडपत्रीकडे बघते आणि विचारते, "ह्यो कचरो खयसून काढलंस गो चेडवा?"

कचरा म्हणावा अशीच अवस्था आहे. इथल्या दमट हवेत पुस्तकाला कसर लागते, आणि कसरीला खरी गोडी असते ती बांधणीतल्या खळीची. त्यामुळे पुठ्ठा निखळून हातात येतो आणि आतली पानं मात्र बऱ्यापैकी शाबूत असतात. मासिकांचं दुखणं वेगळं. त्यांच्या पिना गंजतात, आणि मधल्या पानावर दोन तपकिरी डाग उतरतात. ट्रंकेतला प्रत्येक 'चांदोबा' मधोमध असा दोनदा डागलेला आहे.

ही पुस्तकं मी पुन्हा वाचायला घेतली आहेत. क्रमाने नाही, जे वाळेल ते आधी. आणि वाचताना एक नवीच सवय लागली आहे. लहानपणी कधीही न वाचलेली ओळ मी आता आधी शोधते: चित्रं कुणाची, अनुवाद कुणाचा.

(दृश्य: 'चांदोबा'चं पान. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, चालणारा राजा.)

हे चित्र ज्याने पाहिलं नाही असा त्या पिढीचा मराठी वाचक मिळणं कठीण. विक्रम आणि वेताळ. 'चांदोबा'चं मूळ घर मद्रास. जुलै 1947 मध्ये, स्वातंत्र्याच्या महिनाभर आधी, तो तेलुगू आणि तमिळमध्ये निघाला. मराठीत आला 1952 मध्ये. भाषा बदलायची, चित्रं तीच राहायची. म्हणजे आमच्या ओटीवर मी जो वेताळ बघत होते, तोच त्याच महिन्यात ओडिशातलं किंवा केरळमधलं कुणी पोर बघत असणार.

तो वेताळ काढणारे चित्रकार के. सी. शिवशंकरन. सही करायचे 'शंकर'. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ते 'चांदोबा'त आले आणि मासिक बंद पडेपर्यंत काढत राहिले. 2020 मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, ते गेले. मी त्यांचं नाव पहिल्यांदा वाचलं ते त्या बातमीत. लहानपणभर ज्या माणसाने मला संध्याकाळनंतर न्हाणीघराकडे एकटीने जाऊ दिलं नाही, त्याचं नाव मला माहीत नव्हतं.

आता भिंगातून बघते तर भीती वेताळात नाहीच. वेताळ चांगला ऐटीत लोंबतोय. भीती आहे ती खालच्या कोपऱ्यात, झाडाच्या मुळांशी पडलेल्या कवट्यांत आणि रेघांच्या दाट जाळीत. राजा सरळ पुढे बघतो, पण आपली नजर मात्र खाली ओढली जाते. हे असं आखून केलेलं आहे.

(दृश्य: जुने कॉमिक्सचे अंक, सुटलेली मुखपृष्ठं.)

दुसरा वेताळ यायचा मुंबईहून, गणपतीत, चाकरमान्यांच्या बॅगेतून. साबण, बिस्किटांचे पुडे आणि तळाशी इंद्रजाल कॉमिक्स. टाइम्स ऑफ इंडियाने 1964 मध्ये सुरू केलेली ही मालिका 1990 मध्ये थांबली, पण आमच्याकडे अंक हातोहात फिरत आणखी कितीतरी वर्षं चालले. ली फॉक यांचा फँटम, मूळ 1936 चा, आपल्याकडे वेताळ झाला. जांभळा घट्ट पोशाख, कवटीची अंगठी, कवटीची गुहा. मरत नाही, चालत राहतो, अशी त्याची ख्याती.

आता यात आम्हा पोरांना विशेष असं काही वाटायचं नाही. कारण तिसरा वेताळ आमच्या शेजारच्या तालुक्यातच होता.

(दृश्य: आरवली, वेंगुर्ले तालुका. वेतोबाचं देऊळ. ओळीने मांडलेल्या प्रचंड चामडी वहाणा.)

आरवलीचा वेतोबा. उंचापुरा, उभा. नवस फेडायला त्याला केळीचे घड येतात आणि वहाणा येतात, त्याच्या मापाच्या. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या झिजतात, अशी इथली श्रद्धा. जांभळ्या कपड्यांतला तो गोरा वेताळ गावाची राखण करतो म्हटल्यावर आमचा पहिला प्रश्न असायचा, त्याच्या वहाणा कोण करतं?

आज ते अंक वाचताना वेगळाच प्रश्न पडतो. चारशे वर्षं, एकवीस पिढ्या, एक गोरं घराणं जंगलातल्या काळ्या माणसांची राखण करतंय, आणि ती माणसं दर अंकात त्याच्याकडे तोंड करून उभी आहेत. भारतीय आवृत्तीत त्या देशाचं नाव बदलून देंकाली केलं होतं. मूळ नाव 'बंगाल'च्या फारच जवळ जाणारं होतं. नाव बदललं, मांडणी तीच राहिली. चित्रं मात्र अजून आवडतात, हे कबूल करायला मला संकोच नाही. त्याच इंद्रजालमध्ये 1976 पासून आबिद सुरतींचा बहादूर आला, कुर्ता आणि जीन्स घातलेला, डाकूंशी लढणारा. ट्रंकेत त्याचे अंक कमी आहेत. ते परत कुणी दिलेच नसणार.

(दृश्य: जाड कागदाचं, ठसठशीत चित्रांचं पुस्तक. ओल येऊनही रंग तसेच.)

ट्रंकेतली सगळ्यांत धडधाकट पुस्तकं मॉस्कोची. सोव्हिएत संघात मराठीत छापली जायची आणि इथे मिळायची ती अगदी थोडक्या पैशांत. 'देनिसच्या गोष्टी'वर अनुवादक म्हणून नाव आहे अनिल हवालदार. हे गृहस्थ मॉस्कोत राहून मराठी लिहीत होते. रशियन पोराच्या तोंडी त्यांनी घातलेलं मराठी इतकं सरळ, घरचं आहे की ते कुणीतरी तिकडून इकडे आणलंय हे मला कधी जाणवलंच नव्हतं.

पण माझं लाडकं पुस्तक आर्कादी गैदारचं, 'चुक आणि गेक'. दोन भाऊ भांडतात, आणि भांडणात वडिलांची तार खिडकीबाहेर जाते. आईला पत्ता नाही. ती दोघांना घेऊन आगगाडीने बर्फातून मजल-दरमजल करत नवऱ्याच्या मुक्कामी पोचते, तर तिथे कोणीच नाही. तारेत लिहिलेलं होतं की येऊ नका, थांबा.

हे वाचलं तेव्हा मी आगगाडी पाहिलेली नव्हती. कोकण रेल्वे पूर्ण धावायला लागली 26 जानेवारी 1998 ला. त्याआधी आमच्यासाठी प्रवास म्हणजे एसटी, घाट आणि लिंबू. त्यामुळे डब्यात झोपायचं, खिडकीतून दिवस-दिवस जंगल बघायचं, गाडीतच चहा प्यायचा, हे सगळं मला बर्फापेक्षाही परदेशी वाटायचं.

तेव्हा माझा सगळा जीव त्या तारेत अडकलेला असायचा. आई ओरडणार का? या वेळी मी वाचली ती आईची गोष्ट. अनोळखी झोपडी, बाहेर थंडी, सामान संपत आलेलं, दोन पोरं, आणि चूक कोणाची हे कळल्यावरही तिला आधी चूल पेटवायची आहे. गैदार तिच्याबद्दल फार बोलत नाही. दोन-तीन वाक्यांत उरकतो. ती वाक्यं पूर्वीही तिथेच होती.

'श्यामची आई'चंही तसंच झालं. शाळेत ते आम्हाला आज्ञाधारकपणाचं औषध म्हणून पाजलं गेलं, आणि म्हणून मी ते बरीच वर्षं टाळलं. साने गुरुजी मूळचे दापोली तालुक्यातल्या पालगडचे. 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी हे लिहिलं. आज वाचताना दिसतं ते एका कोकणी घराचं कर्जात बुडणं. खोतकीचं नाव, आत काही नाही, सावकाराचा तगादा, जप्ती. यातलं रडणं बाजूला ठेवून नुसता पैशांचा हिशेब वाचत गेलं तरी पुस्तक उभं राहतं. कोकणातल्या कुठल्याही जुन्या घराच्या सामायिक सातबाऱ्यावर अशी एखादी कहाणी असतेच.

(दृश्य: चिपळूण. वाशिष्ठी नदी, मग वाचनालयाच्या कपाटांच्या रांगा.)

पुस्तकं टिकवणं हे कोकणात मुळातच पाण्याशी भांडण आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 पासून आहे. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 चं. 26 जुलै 2005 ला वाशिष्ठी चढली, 22 जुलै 2021 ला पुन्हा चढली, आणि दोन्ही वेळा पाणी वाचनालयात शिरलं. तरी वाचनालय उभं आहे. 'किशोर' या मुलांच्या मासिकाचं काम त्या मानाने सोपं झालं. बालभारतीने 1971 पासूनचे अंक संगणकावर आणून सगळ्यांसाठी मोफत ठेवलेत. तिथे कसर लागत नाही, आणि डागही पडत नाहीत.

(दृश्य: कौलांवर तिरका अँटेना. मग मोबाइलचा पडदा, त्यावर नववीतल्या मुलाचं बोट.)

आता टीव्हीकडे वळते, नाहीतर भाचा रागावेल. तो नववीत आहे, आणि मला 'मागे राहिलेली' समजतो. कार्टूनच्या बाबतीत ते खरंच आहे.

आमच्या काळी रविवारी सकाळी एक जण कौलांवर चढून अँटेना फिरवायचा आणि दुसरा खिडकीतून ओरडायचा, "इला, इला, हलव नको!" मग मुंग्यांच्या पडद्यातून मोगली यायचा. तो कार्यक्रम जपानी होता हे मला भाच्याने सांगितलं. 1989 चा, निप्पॉन ॲनिमेशनचा. म्हणजे ॲनिमे हा शब्द गावात येण्याआधीच आम्ही ॲनिमे बघत होतो. मग मीही त्याला एक सांगितलं. हिंदीतल्या शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा, आणि नाना जन्माने मुरुड-जंजिऱ्याचे. त्याने ताबडतोब तो भाग शोधून काढला आणि डोळे मिटून ऐकला.

पक्ष्यांच्या एकजुटीची ती छोटी फिल्मही आम्ही शोधली, दूरदर्शनवर मधेच लागणारी 'एक अनेक और एकता'. 1974 ची. ती केली विजया मुळे यांनी. नावं बघायची सवय लागल्यावर अशी माणसं भेटत जातात.

तो मला बघायला लावतो ते बरंचसं आवडतं. काही अजिबात नाही, पाच-पाच भाग दोघे जण एकमेकांकडे रोखून बघत उभे असतात. पण 'अवतार: द लास्ट एअरबेंडर'ने मला धरून ठेवलं. 2005 ते 2008, 61 भाग, अमेरिकेत बनलेलं, त्यामुळे त्याला ॲनिमे म्हणायचं की नाही यावर घरात वाद आहे. त्यात आयरो नावाचा एक पोटसुटा काका आहे, सतत चहा पिणारा. एका भागात तो दिवसभर गावात फिरतो, लोकांना मदत करतो आणि संध्याकाळी टेकडीवरच्या झाडाखाली आपल्या युद्धात गेलेल्या मुलाची तसबीर मांडून बसतो. शेवटी पडद्यावर एका माणसाला अर्पण केल्याची ओळ येते. माको. आयरोचा आवाज त्यांचा, ते 2006 मध्ये वारले. भाच्याने तो भाग आधी बघितलेला होता, पण ती ओळ कधी वाचलेली नव्हती.

एक तक्रार आहे. आमचा हा मुलगा घरी मालवणी बोलतो, शाळेत मराठी, आणि भांडताना हिंदी, कारण ती तो डोरेमॉनकडून शिकला. नोबिता हिंदीत रडतो. त्याला मराठीत रडवायला हरकत कुणाची आहे कोण जाणे. मॉस्कोहून मराठी येऊ शकली होती.

सध्या मी 'वन पीस'च्या दाराशी उभी आहे. इइचिरो ओदांनी 1997 मध्ये सुरू केलेली ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, अजून चालूच आहे, आणि मालिकेचे भाग अकराशेच्या वर गेलेत. त्या बदल्यात भाचा 'चांदोबा' वाचतोय. पहिला अंक त्याने सवयीने मागून उघडला, मांगासारखा उजवीकडून, आणि जाहिरातींत अडकला. पण काल एक धारावाहिक त्याला लागलं. राजकुमार गुहेत, तोंडाशी राक्षस, आणि खाली 'क्रमशः'. पुढचा अंक ट्रंकेत नाही.

"म्हणजे पुढे काय झालं?"

"माहीत नाही."

"तुला माहीत नाही? इतकी वर्षं?"

त्याला हे सहनच झालं नाही. त्याने लगोलग मुंबईच्या काकांना फोन लावला, कारण अंक तेच आणायचे. काका म्हणाले तो अंक त्यांच्याकडे नाही, पण राक्षस शेवटी मरत नाही एवढं त्यांना आठवतंय. मागून काकू ओरडल्या की मरतो. आता गणपतीला दोघे येतील तेव्हा बघायचं.