एव्हरेस्ट नेमकं कोणतं?

[दृश्य: काला पत्थरवरून दिसणारी शिखरं, संध्याकाळचं ऊन. कॅमेरा स्थिर.]

या फोटोखाली ‘एव्हरेस्ट’ असं लिहिलेलं असतं. आता सांगा, तुमची नजर कुठे गेली? बहुतेकांची उजवीकडे जाते. टोकदार, बर्फाने लखलखणारं, सगळ्यांच्या वर डोकं काढून उभं असलेलं शिखर. ते नुप्त्से. उंची 7,861 मीटर. एव्हरेस्ट त्याच्या डावीकडे, जरा मागे आहे. तो काळपट त्रिकोण. नुप्त्सेपेक्षा जवळजवळ हजार मीटर उंच, पण फोटोत ठेंगणं.

काला पत्थर ही नेपाळच्या खुंबू भागातली साडेपाच हजार मीटरहून उंच जागा. तिथून नुप्त्से जवळ पडतं आणि एव्हरेस्ट लांब. कॅमेऱ्याला मीटर कळत नाहीत, कळतो तो कोन. जे जवळ, त्याच्यासाठी मान जास्त वर करावी लागते, आणि फोटोत तेच मोठं दिसतं. त्यामुळे शिखराचं नाव विचारण्याआधी फोटो कुठून काढलाय ते विचारावं. निम्मं काम तिथेच होतं.

[दृश्य: संदकफूहून दिसणारी दूरची रांग. शिखरांवर एकेक बाण.]

हीच गंमत दार्जिलिंगच्या डोंगररांगेतल्या संदकफूहून. डावीकडून ल्होत्से, एव्हरेस्ट, मकालू. तिघांत भारदस्त दिसतं मकालू. त्याची उंची 8,485 मीटर, एव्हरेस्टची 8,848.86. पण मकालू एव्हरेस्टच्या आग्नेयेला सुमारे 19 किलोमीटरवर आहे, म्हणजे संदकफूला जवळ. शिवाय इतक्या लांबून पृथ्वीची वक्रताही भोवते. मागचं शिखर क्षितिजाआड आणखी थोडं खाली जातं.

फोटो सोडा, प्रत्यक्ष डोंगर समोर असूनही माणसं चकली आहेत. 1850 च्या दशकात हर्मान श्लागिन्टवाइट या जर्मन संशोधकाने काठमांडूच्या बाजूने पाहून गौरीशंकर आणि एव्हरेस्ट एकच समजले. हा घोळ निस्तरायला 1903 उजाडलं. भारताच्या सर्वेक्षण विभागाचे कॅप्टन हेन्री वुड नेपाळात गेले, कोन मोजले आणि दोन्ही शिखरं वेगळी असल्याचं दाखवून दिलं. त्यांच्यामध्ये 50 किलोमीटरहून जास्त अंतर आहे, आणि गौरीशंकर जेमतेम 7,134 मीटर!

[दृश्य: एव्हरेस्टचा माथा, जवळून. वाऱ्याने उडणारा बर्फ.]

मग ओळखायचं कसं? आधी काळं शोधा. जगातलं सर्वांत उंच शिखर सगळ्यात पांढरंशुभ्र असणार, हा समज डोक्यातून काढून टाकायला हवा. हिवाळ्यात एव्हरेस्टचा माथा जेट स्ट्रीमच्या, म्हणजे खूप उंचावरून वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याच्या, तडाख्यात सापडतो. तिथल्या उभ्या कातळावर बर्फ टिकतच नाही, वारा तो खरवडून नेतो. तोच उडणारा बर्फ आणि ढग मिळून माथ्यावरून झेंड्यासारखा पट्टा निघतो. हा वारा पश्चिमेकडून येतो. त्यामुळे नेपाळच्या बाजूने काढलेल्या फोटोत झेंडा सहसा उजवीकडे फडकतो, तिबेटातून काढलेल्यात डावीकडे. फोटोग्राफर हिमालयाच्या कुठल्या अंगाला उभा होता, हे तो झेंडाच सांगून टाकतो.

माथ्याखाली कातळातून तिरका जाणारा फिकट पिवळा पट्टा दिसतो. कधीकाळी समुद्रतळाशी साचलेल्या चुन्याच्या गाळाचा हा थर. गिर्यारोहक त्याला ‘यलो बँड’ म्हणतात. पण एवढ्यावर शिक्कामोर्तब करू नका. ल्होत्सेवरही तो आहे.

[दृश्य: रोंगबुकहून दिसणारी उत्तरभिंत.]

तिबेटच्या बाजूने काम सोपं. मध्ये कोणी आडवं येत नाही. उत्तरभिंतीवर बर्फाने भरलेल्या दोन उभ्या घळी पाहा. डावीकडची नॉर्टन, उजवीकडची हॉर्नबाइन. डावीकडे लांबलचक उतरत जाणारी ईशान्य धार. हे तिन्ही जुळलं की शंका नको.

आणि हो, गळ्यात बर्फाचा गोळा अडकवल्यासारखं ते देखणं, एकटं शिखर? ते अमा दबलाम, 6,812 मीटर. एव्हरेस्ट म्हणून ते सर्रास खपवलं जातं, यात त्याच्या देखणेपणाचाच दोष.

[दृश्य: संगणकाचा पडदा. फोटोवर सरकणारी लाल रेष.]

तरीही खात्री नसेल तर बर्फाकडे दुर्लक्ष करा. तो ऋतूगणिक बदलतो. धारा, खिंडी आणि कातळाचे पट्टे जागेवरच राहतात. फेब्रुवारी 2000 मध्ये अंतराळयानातल्या रडारने पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. अशा मोजणीवरून एखाद्या जागेहून क्षितिज कसं दिसेल, त्याची रेष संगणक काढून देतो. ती फोटोवर ठेवायची आणि खिंडीला खिंड लावून बघायची. शिखराच्या टोकापेक्षा दोन शिखरांमधल्या खाचा जास्त भरवशाच्या. टोकं एकसारखी असू शकतात, खाचांची अख्खी ओळ सहसा नाही.

कुठेच जुळत नसेल, तर फोटो आरशात पाहिल्यासारखा उलटवून बघा. डावं-उजवं उलटं झालेले फोटोही फिरत असतात.