बुडणाऱ्या बोर्डाला रंग कोणता?

[दृश्य: झाकण उघडलेली टाकी. नितळ द्रवात उभे सर्व्हर, लुकलुकणारे दिवे.]

या टाकीतले सर्व्हर बुडालेले आहेत, आणि तरीही चालू आहेत. भोवती आहे ते वीज वाहून न नेणारं तेल. कल्पना जुनी आहे. 1985 सालचा क्रे-2 हा महासंगणक फ्लोरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवूनच थंड ठेवत. आता एआयच्या चिप इतक्या तापतात की पंख्याची हवा अपुरी पडते, आणि टाकी पुन्हा कामाला लागली आहे.

आपण मात्र चिप सोडून सर्किट बोर्डावरच्या, तांब्याच्या रेषा झाकणाऱ्या हिरव्या थराकडे बघणार आहोत. त्याला म्हणतात सोल्डर मास्क. जेमतेम 20 ते 30 मायक्रॉन जाडीचं इपॉक्सी रेझिन, आणि त्यात कालवलेला रंग. काळा बोर्ड उष्णता जास्त फेकतो, असं बरेच जण सांगतात. द्रवात त्या चर्चेला अर्थ नाही, कारण तिथे उष्णता वाहत्या द्रवाबरोबर निघून जाते. विचारायचं ते वेगळंच: वर्षानुवर्षं गरम तेलात राहिल्यावर या थरातून बाहेर काय येईल?

[दृश्य: दोन वाट्यांत तेल. एकीत हळद, दुसरीत गेरू.]

फोडणीत हळद पडली की तेल पिवळं होतं, कारण तिचा रंग तेलात विरघळतो. गेरूचे कण मात्र तसेच राहतात आणि तळाशी बसतात. हळदीसारखा विरघळतो तो डाय, गेरूसारखा कणरूपात राहतो तो पिगमेंट. बुडणाऱ्या बोर्डावर पिगमेंटच हवा.

हिरव्या बोर्डात बहुधा थॅलोसायनिन नावाचा पिगमेंट असतो. 1928 मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथच्या रंग कारखान्यात एका भांड्याचं अस्तर तडकलं, आतलं लोखंड उघडं पडलं आणि कुणी न मागितलेला निळा पदार्थ तयार झाला. पुढे लोखंडाच्या जागी तांबं आलं. त्याला क्लोरीन जोडला की हिरवा मिळतो. आपल्या रोह्याला सुदर्शन केमिकलच्या कारखान्यात याच कुळातले पिगमेंट बनतात. तेलात ते जवळजवळ विरघळतच नाहीत आणि सोल्डरिंगच्या भट्टीतलं 250 अंशांच्या आसपासचं तापमानही सोसतात.

एक अडचण आहे. हॅलोजन, म्हणजे क्लोरीनसारखी मूलद्रव्यं, टाळायचा असेल, तर निळ्यात पिवळा मिसळून हिरवा केला जातो. तेव्हा तो पिवळा कोणता, हे विचारलंच पाहिजे. काही पिवळे सॉल्व्हंटमध्ये उतरतात. डायअरिलाइड कुळातले 200 अंशांच्या वर विघटित होऊ लागतात.

[दृश्य: अतिनील प्रकाशाखाली सोल्डर मास्क. काळ्या बोर्डाची कड, सूक्ष्मदर्शकातून.]

काळ्या आणि पांढऱ्या बोर्डाची गोष्ट वेगळी. कार्बन ब्लॅक काय किंवा टायटॅनियम डायऑक्साइड काय, तेलात दोन्ही स्वस्थ राहतात. दोष लपतो तो रेझिनमध्ये. मास्क पक्का होण्याची पहिली पायरी अतिनील प्रकाशाची. काळा कण तो प्रकाश गिळतो, पांढराही तो खालपर्यंत पोहोचू देत नाही. मग तळाचं रेझिन अर्धवट राहतं, डेव्हलपिंगमध्ये, म्हणजे कच्चा भाग धुऊन काढताना, कडा खालून खाल्ल्या जातात, आणि तेल नेमकं तिथून शिरतं. माझ्या मते पिगमेंट निवडताना सर्वांत कमी विचारला जाणारा आणि सर्वांत मोलाचा प्रश्न हाच आहे: या रंगामुळे खालचं रेझिन नीट पिकलं का? कार्बन ब्लॅक स्वतः वीज वाहून नेतो, म्हणून त्याचं प्रमाणही बघावं लागतं.

सोल्डर मास्कवर कॉन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे संरक्षणासाठी दिलेला आणखी एक पातळ थर, असेल तर आणखी एक पाहुणा असतो. तपासणीत कोटिंग चमकावं म्हणून घातलेला फ्लुरोसंट पदार्थ. तो बहुधा डाय असतो, त्यामुळे त्याची वेगळी चौकशी करावी.

[दृश्य: उकळता द्रव, वर वाफ, थंड नळ्यांवरून टपकणारे थेंब.]

ज्या टाकीत द्रव उकळतो, तिथे कसोटी अधिक कडक. रसायनशास्त्र शिकलेल्यांना सॉक्सलेट आठवेल, तोच द्रव पुन्हा पुन्हा उकळून पदार्थातला अर्क काढणारं उपकरण. इथेही तेच घडतं: वाफ वर जाते, शुद्ध थेंब होऊन खाली येते, बोर्डावरून थोडंसं काहीतरी धुऊन नेते आणि पुन्हा उकळताना ते तापलेल्या चिपवर सोडते. विरघळण्याचं प्रमाण नगण्य असलं, तरी फेऱ्या अखंड चालू असतात.

म्हणून आधी नमुना पट्ट्या वजन करून गरम द्रवात ठेवायच्या, काही आठवड्यांनी पुन्हा तोलायच्या, चिकटपट्टी लावून मास्क सुटतो का बघायचं. मग द्रवाची पाळी. उपकेंद्रात ट्रान्सफॉर्मरचं तेल तपासणाऱ्यांना या चाचण्या पाठ असतात: बीडीव्ही, म्हणजे किती व्होल्टला द्रवाचा विद्युतरोध तुटतो ते, आणि टॅन डेल्टा, म्हणजे द्रवात किती वीज उष्णता होऊन वाया जाते ते. बीडीव्ही उत्तम आला तरी निश्चिंत होऊ नये. विरघळलेली अशुद्धी बहुधा टॅन डेल्टात आधी दिसते.

आणि द्रव बदलला की हे सगळं नव्याने करायचं. थ्रीएम कंपनीने डिसेंबर 2022 मध्ये जाहीर केलं, की 2025 अखेर पीएफएएस, म्हणजे सहजी न विघटणारी फ्लोरिनयुक्त रसायनं, बनवणं थांबवणार. तिचे नोव्हेक आणि फ्लोरिनर्ट हे द्रव त्यातच मोडतात. त्या द्रवांत पास झालेला हिरवा नव्या तेलातही पास होईल, असं धरून चालता येत नाही. चाचणीच्या अहवालावर रंगासोबत द्रवाचं नाव आणि तापमान लिहिलेलं नसेल, तर तो अहवाल परत पाठवा.