पेट्रोल की डिझेल?

नमस्कार श्रोतेहो. सणासुदीला बऱ्याच घरांत नव्या गाडीचा बेत शिजतो. रंगावरून झालेलं भांडण मिटलं की दुसरं सुरू होतं, पेट्रोलची घ्यायची की डिझेलची? आज त्यावर बोलू.

आधी हिशोब उरकू. वही-पेन शोधू नका, तोंडी जमेल. पेट्रोल धरू १०५ रुपये लिटर आणि डिझेल धरू ९०. तुमच्या गावात दोन-चार रुपये इकडे-तिकडे असतील. पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर गेली, तर किलोमीटरला ७ रुपये पडले. तीच गाडी डिझेलवर १८ गेली, तर ५ रुपये. म्हणजे किलोमीटरमागे वाचले २ रुपये. आता डिझेलची गाडी घेतानाच महाग असते. त्यात आपल्या महाराष्ट्रात तिला रोड टॅक्सही दोन टक्के जास्त आहे, दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के तर डिझेलला १३. सगळं धरून गाडी दारात येईपर्यंत दीड लाख जादा गेले असं समजा. हे दीड लाख दोन-दोन रुपयांनी परत मिळवायला गाडी किती पळवावी लागेल? ७५ हजार किलोमीटर.

पुन्हा सांगतो, ७५ हजार किलोमीटर. महिन्याला दोन हजार चालवणाऱ्याचे पैसे तीन-सव्वातीन वर्षांत वसूल होतात. महिन्याला पाचशे चालवणाऱ्याला साडेबारा वर्षं लागतात.

पूर्वी असं नव्हतं. २०१२ च्या उन्हाळ्यात पेट्रोल आणि डिझेलच्या दरात लिटरमागे तीस रुपयांहून जास्त फरक होता, डोळे झाकून लोक डिझेल घेत. फियाटचं ते १३०० सीसीचं डिझेल इंजिन, आपल्या पुण्याजवळ रांजणगावला बनायचं, इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसलं की लोक त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. २०१४ च्या ऑक्टोबरात सरकारने डिझेलच्या दरावरचं नियंत्रण काढलं आणि त्या सवलतीची गंमत संपली. पण डोक्यातलं गणित जुनंच राहिलं. आजही कुणी नवी गाडी दाखवायला आणली की पेढा तोंडात जायच्या आधी प्रश्न येतो, “अ‍ॅव्हरेज किती देते?” एअरबॅग किती आहेत, हे मात्र कुणी विचारत नाही. असो.

तर हे जुनं गणित डोक्यात धरून आमच्या कराडच्या आप्पांनी डिझेलची गाडी घेतली. आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, हिशोबाला पक्के. वीस वर्षांपूर्वी मेहुण्याच्या डिझेल गाडीने कोल्हापूरला जाऊन आल्यावर डिझेलचं बिल बघून ते जे भारावले, ते भारावलेलेच. शोरूममधल्या पोराने विचारलंसुद्धा, “काका, रनिंग किती आहे तुमचं?” आप्पा म्हणाले, “रनिंगचं तू नको बघू. गाडी डिझेलचीच पाहिजे.”

आता आप्पांचं रनिंग ऐका. सकाळी घर ते मंडई. संध्याकाळी घर ते प्रीतिसंगम, तिथे गाडी लावून घाटावर चालायचं, आणि परत. म्हणजे चालायला जायला गाडी! एका फेरीला इंजिन धड तापतही नसेल.

तीन-चार महिन्यांत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. आप्पांनी फडक्याने काच पुसून पाहिली, दिवा जाईना. मग त्यांनी बॉनेट उघडलं आणि ऑइल मोजायची पट्टी काढली. जुनी सवय. पट्टी बघून आप्पा ओरडले, “अगं ए, बाहेर ये! ऑइल वाढलंय!” काकू बाहेर आल्या, शेजारचे आले. दर दोन दिवसांनी पट्टी निघायला लागली, ऑइल आपलं वरच. “लोकांच्या गाड्या ऑइल पितात, माझी गाडी ऑइल देते,” असं आप्पा गल्लीभर सांगत होते. एकाने तर विचारलं, “आप्पा, बाटलीभर मिळंल का?”

शेवटी मेकॅनिककडे गेले. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, “आप्पा, हे ऑइल नाही वाढलेलं. ऑइलमध्ये डिझेल उतरलंय.”

इथे जरा थांबून सांगतो, कारण हे महत्त्वाचं आहे. एप्रिल २०२० पासून आपल्याकडे गाडीच्या धुरासाठीचे बीएस-सहाचे नियम लागू झाले. तेव्हापासून डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर एक गाळणी असते, डीपीएफ म्हणतात तिला. इंजिनातून निघालेली काजळी ती अडवते. ती भरत आली की गाडी जादा डिझेल सोडून आतलं तापमान सहाशे अंशांपर्यंत नेते आणि काजळी जाळून टाकते. त्यासाठी गाडी सलग पळायला हवी. आप्पांची गाडी जाळायला सुरुवात करायची आणि मंडई यायची. इंजिन बंद. परत सुरुवात, की प्रीतिसंगम. काजळी तशीच राहिली आणि न जळलेलं डिझेल खाली ऑइलमध्ये झिरपत गेलं. पातळ झालेलं ऑइल इंजिनाला घातक असतं, बरं का.

मेकॅनिकने ऑइल बदललं आणि औषध लिहून दिलं. आठवड्यातून एकदा हायवेला काढा, साठच्या वर, वीस-पंचवीस मिनिटं, न थांबता. आप्पा म्हणाले, “कुठे नेऊ?” काकू मागून म्हणाल्या, “साताऱ्याला.” काकूंचं माहेर साताऱ्याचं.

झालं! दर रविवारी गाडीच्या तब्येतीसाठी कराड ते सातारा. जाता-येता तासवडेचा टोल, सासुरवाडीला हात हलवत जायचं नाही म्हणून फळं, येताना कंदी पेढे. त्यात हायवेचं सहापदरीकरण चाललेलं. मेकॅनिक म्हणतो न थांबता साठने जा, आणि दर थोड्या अंतरावर बोर्ड, ‘वळण रस्ता, वाहने सावकाश हाका’. (हे काम कधी संपणार हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे, आणि ते भाषण मला करू देणार नाहीत.) आप्पा स्टिअरिंगवर हात आपटायचे, काकू शेजारी गजरा नीट करत बसायच्या. लग्नानंतर चाळीस वर्षांत माहेरी गेल्या नसतील तितक्या वेळा त्या एका वर्षात जाऊन आल्या. पुढे पुढे तर आप्पा गाडीत बसले की काकू आधी डॅशबोर्ड बघायच्या, दिवा लागलाय का!

डिझेलने वाचवलेल्या पैशांचा हिशोब आप्पांकडे कुणी मागत नाही. मागितला तर ते पेढे देतात.

म्हणून गाडी किती चालवता हे बघाच, पण कशी चालवता हेही बघा. किती, आणि कशी. रोज सलग हायवे असेल, घाट असेल, गाडीत माणसं-सामान भरपूर असेल, तर डिझेलसारखा खालून ओढणारा जोर पेट्रोलला नाही. गावातल्या गावात फिरणं असेल तर पेट्रोल. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल येतं, त्याने अ‍ॅव्हरेज थोडं घटतं, ही तक्रार खरी आहे. उसाला त्याचा फायदा होतो म्हणे. आपल्याकडे उसाचा फायदा नाही असं काही असतं का?

नातेवाईक दिल्लीकडे असतील आणि गाडी पुढेमागे तिकडे न्यायची असेल तर ध्यानात ठेवा, तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ साली हरित लवादाने बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. नंतरही त्यावर सुनावण्या झाल्या आहेत, तेव्हा जाण्याआधी चौकशी करा.

आणि डिझेल घेतलीत, तर घरातल्या प्रत्येकाला एक सांगून ठेवा. पंपावर पेट्रोलचा पाइप डिझेलच्या टाकीत सहज जातो. तसं चुकून भरलं गेलं, तर गाडी सुरू करू नका. डिझेल हेच त्या इंजिनाच्या पंपाचं वंगण असतं, पेट्रोल ते धुऊन टाकतं. ढकलून बाजूला घ्या, टाकी रिकामी करून घ्या, पण चावी फिरवू नका. पुन्हा सांगतो, चावी फिरवू नका.

नमस्कार.