‘ते आजपर्यंत’ : फ्रॅटर्निट्यांचे लेख आणि विकिपीडियाचे स्वयंसेवक

श्रोतेहो, नमस्कार.

सुरुवातीला एका तक्त्यातली एकच ओळ ऐका. ‘अल्फा शाखा. ८ ऑगस्ट १८३९ ते आजपर्यंत. मायामी. चालू.’ बीटा थीटा पाय या अमेरिकी फ्रॅटर्निटीवरचा, म्हणजे कॉलेजातल्या मुलांच्या एका संस्थेवरचा, विकिपीडियातला लेख सुधारायला बसलेल्या नवख्या माणसाच्या हातून पहिली ओळ साधारण अशी उतरते. ऐकताना काही खटकत नाही. पण तिच्यात एक सापळा आहे आणि एक चूक आहे.

सापळा नावात आहे. मायामी म्हटलं की फ्लोरिडाचा समुद्रकिनारा डोळ्यांपुढे येतो. तिथे ‘युनिव्हर्सिटी ऑफ मायामी’ आहेही, पण ती १९२५ सालची. ही फ्रॅटर्निटी जन्मली ‘मायामी युनिव्हर्सिटी’त, ओहायो राज्यातल्या ऑक्सफर्ड गावी. आणि चूक आहे ती ‘ते आजपर्यंत’ या शब्दांत. जानेवारी १८४८ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी मुख्य इमारतीची दारं बर्फाने बुजवून टाकली. त्यापायी बऱ्याच मुलांना कॉलेज सोडावं लागलं आणि तिथल्या जुन्या फ्रॅटर्निट्या ओस पडल्या. त्याच वर्षी २६ डिसेंबरला तिथे फाय डेल्टा थीटा ही नवी संस्था उभी राहिली. पुढे १८७३ ते १८८५ या काळात तर मायामी युनिव्हर्सिटीच बंद होती. कॉलेजलाच कुलूप असताना शाखा चालू कशी असेल?

अशा हजारो ओळी आहेत, आणि त्या एकेक करून तपासणारी माणसं बिनपगारी आहेत. आज त्यांच्या या कामाबद्दल बोलायचं आहे.

फ्रॅटर्निटी म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजमधली मुलांची संस्था, सोरोरिटी म्हणजे मुलींची. सभासद निवडून घेतात, प्रवेशाचे विधी गुप्त असतात, सभासदत्व जन्मभराचं असतं आणि नाव बहुधा दोन किंवा तीन ग्रीक अक्षरांचं. ग्रीस देशाशी यांचा काही संबंध नाही. पुष्कळदा ती अक्षरं एखाद्या बोधवाक्याची आद्याक्षरं असतात. पहिली अशी संस्था फाय बीटा कॅपा, ५ डिसेंबर १७७६, व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्ग इथलं विल्यम अँड मेरी कॉलेज. ती आज विद्वत्तेचा मान देणारी संस्था आहे. एकत्र राहणाऱ्या, सणसमारंभ करणाऱ्या फ्रॅटर्निट्यांचा वंश १८२५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात निघालेल्या कॅपा अल्फा सोसायटीपासून मोजतात. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची अल्फा फाय अल्फा १९०६ सालची, कॉर्नेल विद्यापीठातली. मार्टिन ल्यूथर किंग हे तिचे सभासद होते.

इंग्रजी विकिपीडियावर या विषयासाठी एक विकिप्रकल्प आहे. विकिप्रकल्प म्हणजे एका विषयाचे लेख सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांचं चावडीसारखं पान. तिथे अध्यक्ष नाही, सचिव नाही. प्रत्येक लेखाच्या चर्चा पानावर, म्हणजे त्या लेखाबद्दल बोलायच्या जोडपानावर, प्रकल्पाची पट्टी लावलेली असते आणि लेख अगदी अपुरा आहे की चांगल्यापैकी झाला आहे, याची प्रत त्या पट्टीवर लिहितात. नव्याने येणाऱ्याने थेट लेखात हात घालण्याआधी तीन गोष्टी कराव्यात : स्वतःच्या नावाने किंवा टोपणनावाने खातं काढावं, लेखाचं चर्चा पान आणि त्यातल्या बदलांचा इतिहास वाचावा, आणि मोठा तक्ता असेल तर तो स्वतःच्या धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या कामाच्या पानावर, मांडून पाहावा. तक्त्यातला एक उभा दांडा राहून गेला तरी पुढच्या ओळी सरकतात आणि एका कॉलेजचं साल दुसऱ्याच्या नावावर जातं.

शाखांचा तक्ता हा या लेखांचा कणा. रकाने साधारण सहा : शाखेचं नाव, सनदेची तारीख आणि चालू असल्याचा काळ, कॉलेज, गाव व राज्य, स्थिती, संदर्भ. सनद म्हणजे त्या कॉलेजात शाखा काढायला मध्यवर्ती संस्थेने दिलेली परवानगी. चालू शाखा ठळक अक्षरात आणि बंद शाखा तिरप्या अक्षरात, असा रिवाज आहे. आता तारीख घ्या. एकाच शाखेला चार तारखा असू शकतात. मुलांनी स्थानिक मंडळ काढलं ती एक, मध्यवर्ती संस्थेने त्यांना उमेदवार म्हणून स्वीकारलं ती दुसरी, सनद मंजूर झाली ती तिसरी, आणि समारंभ होऊन शाखा प्रत्यक्ष स्थापन झाली ती चौथी. पहिली आणि चौथी यांत कधी कधी वर्षांचं अंतर पडतं. कुठली तारीख धरली ते तक्त्याच्या वर एका वाक्यात लिहावं आणि शेवटच्या ओळीपर्यंत तीच धरावी. अर्ध्या ओळींत सनदेची आणि अर्ध्यांत समारंभाची तारीख पडली की तो तक्ता दुरुस्त करणं नवा करण्याहून कठीण.

बंद होण्याची तारीख त्याहून अवघड. शाखा उघडते तेव्हा समारंभ होतो, छायाचित्र निघतं, मासिकात बातमी येते. बंद पडते तेव्हा बहुतेक वेळा कोणी काही लिहीत नाही. दक्षिणेकडच्या राज्यांतल्या शाखा १८६१ साली यादवी युद्धामुळे थांबल्या, दुसऱ्या महायुद्धात पोरं सैन्यात गेली म्हणून पुष्कळ शाखा १९४३ च्या सुमारास झोपल्या. त्या पुन्हा उघडल्या तर काळ तोडून लिहावा लागतो, दोन तुकड्यांत किंवा तीन. साल सापडलंच नाही तर अंदाजाने भरू नये. शतकाचे दोन आकडे लिहून पुढे दोन फुल्या आणि प्रश्नचिन्ह द्यावं. ती फुली पाहून दुसरा कोणी शोध घेतो. अंदाजाने भरलेलं साल मात्र दहा ठिकाणी उतरून घेतलं जातं आणि मग तेच ‘पुरावा’ म्हणून परत येतं. या कामात याच्याइतकं नुकसान दुसऱ्या कशाने होत नसेल.

तक्त्यात आणखी एक खोच आहे. शाखांना बहुधा स्थापनेच्या क्रमाने ग्रीक अक्षरांची नावं मिळतात. क्रमवारी लावायचं बटण दाबलं की संगणक शाखांची नावं रोमन वर्णानुक्रमे लावतो : अल्फा, बीटा आणि लगेच ‘काय’. हे ‘काय’ म्हणजे ग्रीक वर्णमालेतलं बाविसावं अक्षर, आपला प्रश्न नव्हे. बाविसाव्या जागेवरची शाखा तिसरी होते आणि स्थापनेचा क्रम विस्कटतो. त्यासाठी प्रत्येक ओळीत क्रमाचा छुपा आकडा द्यावा लागतो. शिवाय सगळ्या संस्था अक्षरं ओळीने वाटत नाहीत. फाय डेल्टा थीटाच्या शाखांना राज्याचं नाव लागतं, ओहायो अल्फा, इंडियाना अल्फा असं. आणि अल्फा फाय अल्फाने ‘ओमेगा’ हे शेवटचं अक्षर कुठल्याच कॉलेजला दिलेलं नाही. दिवंगत सभासदांच्या स्मरणासाठी ते राखलेलं आहे. यादीत ओमेगाची ओळ दिसत नाही म्हणून कोणी ती भरायला जातो, तेव्हा हे ठाऊक असावं लागतं.

कॉलेजांची नावंही स्थिर नाहीत. फाय सिग्मा कॅपा १८७३ साली मॅसॅच्युसेट्स ॲग्रिकल्चरल कॉलेजात निघाली. ते १९३१ साली स्टेट कॉलेज झालं आणि १९४७ साली युनिव्हर्सिटी ऑफ मॅसॅच्युसेट्स. इतिहास सांगताना त्या काळचं नाव, तक्त्यात आजचं नाव, ही पद्धत बरी. इंडियाना राज्यातली ॲसबरी युनिव्हर्सिटी १८८४ साली डीपॉ झाली, आणि नावात जवळची म्हणून शिकागोची डीपॉल तिच्या जागी हमखास येऊन बसते. खुद्द संस्थांचीही नावं एकसारखी असतात. युनियन कॉलेजची कॅपा अल्फा सोसायटी वेगळी आणि १८६५ साली व्हर्जिनियातल्या लेक्सिंग्टनला निघालेली कॅपा अल्फा ऑर्डर वेगळी. लेखात नुसता ‘कॅपा अल्फा’ दुवा दिला तर वाचक चाळीस वर्षं आणि शेकडो मैल चुकतो. म्हणून निःसंदिग्धीकरणाचं पान, म्हणजे सारख्या नावांतून हवं ते निवडायचं पान, लागतं. विलीनीकरण झालेलं असेल तर आणखी जपावं. फाय सिग्मा एप्सिलॉन ही १९१० सालची संस्था १९८५ साली फाय सिग्मा कॅपात मिळाली. तिच्या जुन्या शाखा नव्या नावाखाली १९१० पासून दाखवणं चूक आहे.

हे सगळं तपासायचं कशावरून? पहिला आधार बेअर्ड यांची माहितीपुस्तिका. विल्यम रेमंड बेअर्ड यांनी १८७९ साली अमेरिकी फ्रॅटर्निट्यांची पहिली सूची छापली. त्यांच्यामागे इतरांनी ती चालू ठेवली आणि विसावी आवृत्ती १९९१ साली निघाली. जुन्या आवृत्त्या इंटरनेट अर्काइव्हवर वाचायला मिळतात. त्या एकीवर एक ठेवून वाचाव्यात. १९६८ च्या आवृत्तीत शाखा चालू आणि १९७७ च्या आवृत्तीत बंद असेल, तर शोधायचं वर्तमानपत्र त्या नऊ वर्षांतलं. पण १९७७ ला छापलं म्हणून १९७७ ला बंद पडली, असं लिहू नये. छापील माहिती नेहमी मागची असते. आणि बेअर्ड स्वतः बीटा थीटा पायचे सभासद होते, हेही ध्यानात ठेवावं. सूची उत्तम आहे, पण त्यांच्याच संस्थेबद्दल लिहिताना दुसरा आधार शोधलेला बरा. दुसरा आधार म्हणजे विद्यार्थ्यांची वृत्तपत्रं. हार्वर्डचं क्रिम्सन १८७३ पासूनचं, कॉर्नेलचं डेली सन १८८० पासूनचं. शाखा बंद झाल्याची दोन ओळींची बातमी मिळाली तर तिथेच मिळते. संस्थेचं स्वतःचं मासिक तारखांसाठी चालतं. पण ‘आमची संस्था सर्वांत मोठी’ हे मासिकावरून लिहिता येत नाही. शाखांची संकेतस्थळं तर पोरं पास होऊन गेली की नाहीशी होतात. म्हणून दुवा दिला की त्याच दिवशी त्याची जतन केलेली प्रत वेबॅक मशीनवर करून तिचाही पत्ता संदर्भात टाकावा.

आता नाजूक भाग. या लेखांवर सर्वांत आवडीने काम करणारी माणसं म्हणजे त्याच संस्थांचे सभासद. त्यांना गल्लीबोळ माहीत असतात आणि त्यांच्याशिवाय हे लेख झालेच नसते. पण ‘मी स्वतः तिथे होतो’ हा विकिपीडियात पुरावा धरत नाहीत. जे परक्याला छापील जागी पाहता येईल तेच लेखात राहतं. शाखेच्या नावाने खातं काढलं, किंवा एक खातं पाच जणांनी वापरलं, तर ते रोखलं जातं. संस्थेचा पगारी नोकर लिहीत असेल तर त्याने तसं जाहीर करणं बंधनकारक आहे. जवळचा संबंध असणाऱ्याने बदल चर्चा पानावर सुचवावा आणि दुसऱ्याकडून करून घ्यावा. संस्थेच्या संकेतस्थळावरचा इतिहास उचलून चिकटवला तर तो प्रताधिकाराचा भंग म्हणून सगळाच्या सगळा काढला जातो, त्यात कष्टाने शोधलेलं एखादं वाक्यही जातं. गुप्त विधींचंही तसंच. सभासद ते पुसतात, बाहेरचे उत्साहाने भरतात. ‘गुप्त आहे म्हणून काढा’ हे कारण चालत नाही आणि ‘मला एकाने सांगितलं’ हा संदर्भ चालत नाही. चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे बदल उलटवले की कोणाचं बरोबर हे न पाहता खातं रोखलं जाऊ शकतं. तिसऱ्याच्या आधीच चर्चा पानावर जावं.

नव्या सभासदांचा जो छळ होतो, त्याला मराठीत रॅगिंग म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच की तिथे तो संस्थेत प्रवेश मिळण्याची अट म्हणून होतो. यात मुलं दगावली आहेत. हा मजकूर लेखात हवाच. तो पुसणाऱ्या सभासदाला कितीही राग आला तरी तो राहिला पाहिजे. पण प्रत्येक शाखेची प्रत्येक तक्रार ओतून दीडशे वर्षांचा लेख गुन्ह्यांची नोंदवही करणंही बरोबर नाही. म्हणून वेगळा विभाग करतात : प्रसंग, कॉलेज, साल, कारवाई आणि स्वतंत्र बातमीचा संदर्भ. नुसता आरोप असलेल्या विद्यार्थ्याचं नाव लिहू नये. कारवाई कोणी केली तेही स्पष्ट करावं. विद्यापीठाने मान्यता काढणं आणि मध्यवर्ती संस्थेने सनद काढणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि एक झाली म्हणजे दुसरी झाली असं नसतं. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत झालेल्या कायद्याने कॉलेजांना अशा प्रकरणांचा अहवाल प्रसिद्ध करणं भाग आहे, त्यामुळे हा विभाग आता जास्त खात्रीने लिहिता येतो.

चिन्हांबद्दल थोडक्यात. संस्थेचं आजचं मानचिन्ह प्रताधिकारातलं असेल तर लहान आकारात, त्या संस्थेच्याच लेखात, एकदाच. प्रकाशनाला ९५ वर्षं उलटलेली जुनी चित्रं मात्र अमेरिकेत मोकळी झालेली असतात.

शेवटी आपल्या जवळचं. अमेरिकेत दक्षिण आशियाई मुलामुलींनी काढलेल्या संस्थाही आता पंचवीस-तीस वर्षांच्या झाल्या आहेत : बिंगहॅम्टनची आयोटा न्यू डेल्टा १९९४ ची, टेक्सास विद्यापीठात ऑस्टिनला १९९८ साली निघालेल्या डेल्टा एप्सिलॉन साय आणि मुलींची कॅपा फाय गॅमा, लॉस एंजलिसची बीटा काय थीटा १९९९ ची. बेअर्डची शेवटची आवृत्ती यांच्या आधीची. म्हणजे यांच्या शाखांच्या तारखांना तो आधारच नाही, सगळी भिस्त कॉलेजच्या वृत्तपत्रांवर आणि वार्षिकांकांवर. आपली मुलं-मुली, भाचे-पुतणे त्या पहिल्या तुकड्यांत असतील तर त्यांना दोन गोष्टी सांगा. त्या वर्षांची कात्रणं तारीख आणि पान क्रमांकासह चर्चा पानावर नोंदवा, कारण ज्या वृत्तपत्राचे ते अंक संगणकावर चढलेले नाहीत तिथे तीच एक वाट आहे. आणि छायाचित्रं द्यायची असतील तर ज्याने कॅमेऱ्याचं बटण दाबलं त्याच्याकडूनच ती विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रांच्या कोठारात, चढवून घ्या. फोटोत कोण उभं आहे त्यावरून हक्क ठरत नाही, आणि एकदा दिलेला मुक्त परवाना परत घेता येत नाही, हे त्याला आधी समजावून सांगा.

नमस्कार.