इथाकाचा किनारा लागल्यानंतर

ट्रॉयचे युद्ध दहा वर्षे चालले आणि ते संपल्यावर इथाकाचा राजा ओडिसियस याला घर गाठायला आणखी दहा वर्षे लागली. होमरच्या नावावर असलेल्या ‘ओडिसी’ या महाकाव्याचा विषय हा परतीचा प्रवास आहे. मात्र बारा हजारांहून अधिक ओळींच्या या काव्यात पहिले चार सर्ग संपेपर्यंत नायक समोर येतच नाही. तोवर दिसते ते त्याचे घर: राणी पेनेलोपीशी लग्न करायला टपलेले आणि रोज त्याचीच गुरे कापून खाणारे मागणीदार, आणि बापाचा ठावठिकाणा शोधायला निघालेला टेलेमॅकस.

पाचव्या सर्गात ओडिसियस भेटतो तो ओगिजिया बेटावर, समुद्राकडे पाहत रडताना. कॅलिप्सो या अप्सरेने त्याला सात वर्षे अडकवून ठेवले आहे आणि तिच्यापाशी राहिल्यास तो अमर होणार आहे. पेनेलोपी रूपाने तिच्या पासंगालाही पुरणार नाही हे तो कबूल करतो, पण तरीही त्याला घरीच जायचे असते. मग तो वीस झाडे पाडतो, लाकडे तासून, भोके पाडून, खुंट्यांनी जोडून चार दिवसांत तराफा बांधतो, आणि कृत्तिकांवर नजर व सप्तर्षी डाव्या हाताला ठेवत सतरा दिवस सुकाणू धरून बसतो.

एकडोळ्या राक्षस, गाऊन भुलवणाऱ्या सायरन, माणसांची डुकरे करणारी सर्सी या जगप्रसिद्ध कथा जवळजवळ सगळ्या नवव्या ते बाराव्या सर्गांत येतात, आणि त्या कवी नव्हे, तर फिएशियन या दर्यावर्दी लोकांच्या राजाच्या मेजवानीत खुद्द ओडिसियस सांगतो. पुढे हाच माणूस इथाकात भेटेल त्याला स्वतःची बनावट हकिकत ऐकवणार आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे. या कथांतली सर्वांत जिव्हारी लागणारी राक्षसाची नाही. वाऱ्यांचा रखवालदार एओलस याने प्रतिकूल वारे चामड्याच्या पिशवीत बांधून दिलेले असतात. दहाव्या दिवशी इथाकात शेकोट्या पेटवणारी माणसे दिसू लागतात, आणि इतके दिवस शिडाची दोरी कोणाच्याही हाती न दिलेल्या ओडिसियसला नेमकी तेव्हाच झोप लागते. पिशवीत सोने-चांदी असेल म्हणून सोबती ती उघडतात आणि वारे जहाजांना उलट फेकतात.

तेराव्या सर्गात फिएशियन खलाशी त्याला झोपेतच इथाकाच्या वाळूवर उतरवतात. जवळजवळ अर्धे काव्य अजून उरलेले असते. किनाऱ्यावर पोहोचलेला माणूस घरी पोहोचलेला नसतो, आणि जाग आल्यावर अथीना देवीने पसरलेल्या धुक्यामुळे त्याला स्वतःची भूमीही ओळखू येत नाही.

भिकाऱ्याच्या वेशात तो वाड्यापाशी येतो, तेव्हा दाराबाहेर शेणाच्या ढिगावर गोचिडांनी भरलेला आर्गोस हा त्याचा म्हातारा कुत्रा पडलेला असतो. मालकाला ओळखून तो शेपूट हलवतो, कान खाली पाडतो, पण उठून जवळ येण्याइतके त्राण त्याच्यात नसते. ओळख लपवण्यासाठी ओडिसियसही डोळे गुपचूप पुसून पुढे जातो आणि कुत्रा तिथेच प्राण सोडतो.

पेनेलोपी मात्र मागणीदारांचा संहार झाल्यावरही सहज विश्वास ठेवत नाही. पलंग बाहेर काढून अंथरायला ती दासीला सांगते, तसा ओडिसियस उसळतो, कारण त्या पलंगाचा एक खांब जमिनीत मुळे रुजलेले ऑलिव्हचे खोड आहे आणि तो त्याने स्वतः घडवलेला आहे.

पती-पत्नी त्या पलंगावर जातात तिथेच काव्याची सांगता होते, असे अलेक्झांड्रियाचे प्राचीन पंडित अॅरिस्टोफॅनीस आणि अॅरिस्टार्कस मानत. ते मान्य करायचे तर बागेतला प्रसंग गमवावा लागतो, आणि तो गमावण्याजोगा नाही. झाडाभोवतीची माती खणणाऱ्या वृद्ध बापाला, लेअर्टीझलाही ओडिसियस आधी खोटी हकिकत सांगून रडवतो, ज्याची खरे तर काहीच गरज नव्हती. मग पायावरचा जुना व्रण दाखवून, लहानपणी वडिलांनी आपल्या नावाने दिलेली झाडे तो मोजून दाखवतो: नासपतीची 13, सफरचंदाची 10, अंजिराची 40, आणि द्राक्षवेलींच्या 50 रांगा. त्यानंतर मेलेल्या मागणीदारांचे नातलग सूड घ्यायला येतात, म्हातारा लेअर्टीझ भाला फेकून त्यांच्या म्होरक्याला लोळवतो, आणि अथीना मध्ये पडून तह घडवते तेव्हा काव्य संपते.