भुईमुगाच्या बुंध्याशी मोहरी

हे बघा, वाशीतली आमच्या बिल्डिंगची गच्ची आणि हे भुईमुगाचं रोप, काल संध्याकाळपर्यंत हिरवंगार होतं, सकाळी येऊन बघते तर एक फांदी मान टाकून बसलीये. कॅमेरा जरा खाली नेते, अगदी बुंध्यापाशी. पिंजलेल्या कापसासारखे पांढरे धागे दिसतायत ना, आणि त्यात बारीक तपकिरी दाणे? आई म्हणाली, मोहरी कुठे सांडलीस गं इथे. मोहरी नाहीये ती, स्क्लेरोशियम रोल्फसाय नावाच्या बुरशीच्या गाठी आहेत, मातीत वर्षानुवर्षं झोपून राहतात.

बियाणं चांगलं होतं, टॅग २४, खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं वाण. बुरशीला जाग आली ती मी दिलेल्या परिस्थितीमुळे, हे मला मनापासून सांगायचंय.

तिला २७ ते ३० अंश तापमान सगळ्यात मानवतं, म्हणजे आपला मार्च-एप्रिल. तिला माती आंबट, म्हणजे आम्लधर्मी हवी असते, आणि आपली कोकणातली तांबडी माती बहुतेक तशीच असते. वर ती स्वतः ऑक्झॅलिक आम्ल सोडते आणि त्यानेच खोडाच्या पेशी मारते, मग त्यावर जगते. पण खरा घोळ पाण्याचा झाला, दोन दिवस गावी गेलो, माती कोरडी ठाक, आल्यावर मी भरभरून पाणी घातलं. वाळून परत भिजलेल्या गाठी पटापट रुजतात, आणि कुजणाऱ्या पानांतून जी वाफ निघते तीसुद्धा त्यांना उठवते. खाली पिवळी पानं पडलेलीच होती, त्यांच्यावरच आधी पोसली ती, मग खोडावर चढली. आणि मी काय केलं, आऱ्या, म्हणजे फुलानंतर मातीत उतरून टोकाला शेंग धरणारे देठ, नीट उतराव्यात म्हणून भर देताना, म्हणजे बुंध्याला माती लावताना, तीच पानं मातीसकट बुंध्याला टेकवली! भर द्यायची तर आऱ्या सुटायच्या आधी आणि खोड मोकळं ठेवून, हे आता कळलं.

रोप आजूबाजूच्या मातीसकट काढलं, कंपोस्टमध्ये टाकलं नाही. उरलेली माती मे महिनाभर ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली उन्हात ठेवणार, त्या ओल्या उष्णतेत वरच्या थरातल्या बऱ्याच गाठी मरतात, नंतर शेणखतातून ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, घालणार. भुईमुगाच्या बाकीच्या पिशव्यांना रोज सकाळी थोडं थोडं पाणी, पडलेलं पान लगेच उचलायचं.

ही शेजारची पिशवी, जरा जवळून बघा, पहिली आरी आज मातीत शिरलीये.